सर्व्हरचा केसपेपर

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात खाटा तीस होत्या आणि केसपेपर एकतीस. एकतिसावा केसपेपर सर्व्हरचा होता.

हा सर्व्हर जुन्या ड्रेसिंगच्या खोलीत एका लाकडी टेबलावर असायचा. टेबलाच्या पायाला सुतळीनं एक पाटी बांधलेली होती आणि पाटीच्या चिमटीत रीतसर छापील केसपेपर लावलेला होता. नाव: सर्व्हर. वय: सहा. 'पुरुष' आणि 'स्त्री' दोन्ही खोडलेलं. तक्रार: 'एका सवालावर पडते. बाकी तब्येत बरी.' त्याच्या खाली तापाचा तक्ता. सकाळ, दुपार, संध्याकाळ, निळ्या शाईत, एकही दिवस न चुकवता.

हा ताप गफूरचाचा मोजत. त्यामुळे वॉर्डातला एक थर्मामीटर कायम फरार असे आणि मेश्रामसिस्टर त्याच्या मागावर असत.

"गफूरभाऊ, माझा थर्मामीटर द्या. तिकडे माणूस तापून राह्यला."

"दोन मिनिटं थांबा सिस्टर. काखेत लावेल हाय."

"सर्व्हरले काख कुठून आली?"

"मांगून गरम हवा येते ना, तेच त्याची काख."

सिस्टर कपाळावर हात मारून घेत, पण दोन मिनिटं थांबत. सगळा दवाखाना चाचांसाठी दोन मिनिटं थांबायचा.

चाचांचं पूर्ण नाव गफूर शेख. बसस्टँडजवळ त्यांचं पूर्वी दुरुस्तीचं दुकान होतं. फवारणीचे पंप, टेपरेकॉर्डर, शिलाई मशीन, पंखे, काहीही आणा. दवाखान्यात ते जनरेटर चालवायला म्हणून कंत्राटावर लागले. पुढे संगणक आला. दोन बाबूंनी लांबूनच नमस्कार केला आणि मोठ्या डॉक्टरसाहेबांनी तो चाचांच्या गळ्यात बांधला. चाचांना इंग्रजी येत नव्हतं. पडद्यावर काही उमटलं की ते एकेक अक्षर बोटानं दाबून वाचायचे आणि शब्द पुरा झाला की मान हलवायचे, जणू पडद्याचं म्हणणं पटलं.

त्यांच्या खोलीत चपला काढून जावं लागे. साहेबांनासुद्धा. साहेब एकदाच आले, बूट काढले आणि त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर त्यांनी सर्व्हरची चौकशी फोनवरूनच केली.

आसपासचे सगळे मेकॅनिक मशीन बिघडलं की आधी एक थाप मारायचे. चाचांना त्याचा भारी संताप. "आधी इचारा, मंग ठोका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पंप गळत असला तरी ते आधी पंपवाल्याला विचारत, कधीपासून गळते, कुठं पडला होता का, औषध कोणतं भरलं होतं. सर्व्हरलाही ते रोज सकाळी विचारत. "काय म्हंतं? झोप झाली?" आणि पंख्याची घरघर ऐकून कागदावर लिहीत: 'झोप बरी.'

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती भांडायला.

आमच्या घरात देवघराच्या जागी सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर, त्यामुळे 'अन्याय' हा शब्द मला 'अननस'च्या आधी लिहिता येत होता. त्या वर्षी लिहिण्यासारखं पुष्कळ होतं. कापूस माणसाच्या डोक्याच्या वर गेला होता आणि बोंडअळी काही केल्या हटत नव्हती. पाठीवर पंप, हात वर करून धरलेली नळी, समोरून वारा. फवारलेलं सगळं तोंडावर. आमच्याकडे त्या विषाला 'औषध'च म्हणतात. हे औषध अंगावर घेऊन माणसं दवाखान्यात येत होती. कोणाला उलट्या, कोणाला थरथर, कोणाला डोळ्यांपुढे धुकं.

ही माणसं बहुतेक मजूर होती. ज्याचं शेत आहे त्याचा सातबारा असतो, त्याची नोंद तलाठ्याकडे असते. दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची नोंद कुठं असते? फक्त दवाखान्याच्या त्या मशीनमध्ये. चौकशी समिती येणार होती, एका शुक्रवारी, एका दिवसासाठी, आणि तिच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: रुग्णांची गावनिहाय संगणकीय यादी, रुग्णालयाच्या शिक्क्यासह. ती यादी नसेल तर मजुरांची बाजू ऐकायला आधारच नाही. म्हणजे ते तापले नाहीत, ओकले नाहीत, आंधळे झाले नाहीत.

मी त्याच आठवड्यातल्या सोमवारी सकाळी दवाखान्यात गेले आणि यादी मागितली.

"ते सोडून काहीबी माग बेटी," चाचा म्हणाले.

"काहून?"

"तोच सवाल हाय, ज्याच्यावर तो पडते."

मला हसू आलं आणि मग राग आला. सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणारं मशीन नेमकं याच प्रश्नावर पडतं? मी म्हटलं, चालवून दाखवा. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

सर्व्हरचा पंखा फिरायला लागला. मग जोरात फिरायला लागला. कापसाच्या जिनिंगमध्ये पट्टा सुटायच्या आधी होतो तसा आवाज चढत गेला, टेबलावरची पेन्सिल थरथरत कडेला आली आणि खाली पडली. त्याच क्षणी पडदा काळा झाला. सगळं शांत. मग बाहेरून, केसपेपरच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या रांगेतून आरडाओरडा सुरू झाला, कारण खिडकीचा संगणकही याच सर्व्हरवर चाले.

"पाडला का रे पुन्हा गफूरनं?" एक म्हातारी ओरडली. "माह्या नातवाले ताप हाय!"

चाचा खाली बसले, थर्मामीटर झटकला आणि कागदावर लिहिलं: 'अकरा वीस. पडला. सवाल तोच.' सर्व्हर पुन्हा उठून बसायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी रांगेकडे पाहायचं टाळत होते.

मशीन बसवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला साहेबांनी नागपूरला फोन लावला. तिकडून सल्ला आला की ती यादी मागू नका, बाकी सिस्टिम उत्तम आहे.

"आमीबी पेशंटले असंच सांगाव का?" मेश्रामसिस्टर म्हणाल्या. "दम लागते तर श्वास घेऊ नोका?"

साहेबांनी मात्र सल्ला मानला आणि खोलीच्या दारावर आदेश चिकटवला: 'रुग्णसेवेच्या वेळेत सदर यादी काढू नये.' हातानं यादी करून देऊ का, मी विचारलं. "समितीच्या पत्रात संगणकीय लिहिलंय," साहेब म्हणाले. "हातानं लिहिलेल्यावर मी शिक्का मारला तर उद्या माझी चौकशी."

मी तडक घरी गेले आणि तासाभरात पत्रक काढलं. मथळा: 'सर्व्हर पडतो की पाडला जातो?' खाली तीन उद्गारचिन्हं. मजुरांची नावं गिळणाऱ्या व्यवस्थेचा मी त्यात यथेच्छ समाचार घेतला होता. दुपारी दवाखान्याच्या फाटकावर वाटायला उभी राहिले तर पहिली प्रत चाचांनीच हात पुढे करून घेतली. तिथेच भिंतीला टेकून त्यांनी ती बोट ठेवून शेवटपर्यंत वाचली.

"अक्षर चांगलं हाय," ते म्हणाले. "पन बेटी, पाडनाऱ्याचं नाव नाही लिवलं."

"ते तुम्हालेच माहीत असन."

"मले माहीत असतं तर मी त्याले कानाले धरून आणला असता. तुले माहीत नाही, मले माहीत नाही. मंग कोनाले ठोकून राह्यली तू? आधी इचार ना."

"कोणाले इचारू?"

"त्यालेच." त्यांनी सर्व्हरच्या खोलीकडे बोट दाखवलं. मग पत्रक उलटं करून पाहिलं. पाठ कोरी होती. "हे दहा-वीस दे मले. तापाचे कागद संपले."

अशा रीतीनं माझ्या त्या घणाघाती पत्रकाच्या पाठीवर पुढचे कितीतरी दिवस सर्व्हरचा ताप नोंदवला गेला.

पण चाचांनी साहेबांचा आदेशही असाच बोट ठेवून वाचला होता. "रुग्णसेवेच्या वेळेत," ते पुन्हा पुन्हा म्हणाले. "एक ते तीन जेवनाची सुट्टी. खिडकी बंद. तवा सेवा नसते." त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा वकिलाचा आनंद पाहिला.

दोन तास म्हणजे फार तर दोन वेळा पडून उठणं. सोमवारची दुपार धरून शुक्रवारपर्यंत चार दुपारी. चाचांनी जेवणाचा डबा तसाच बाजूला सारला.

"सायकलची ट्यूब पंक्चर असन तर काय करते?" त्यांनी मला विचारलं. "पुरी ट्यूब एकदम पाण्यात नाही बसत. थोडी थोडी बुडवाची. जठी बुडबुडा, तठी छेद."

त्यांनी फवारणीच्या हंगामाचे दोन भाग केले. पहिल्या अर्ध्याची यादी मागितली. पाच मिनिटांत आली, गुमान. दुसऱ्या अर्ध्याची मागितली. पंखा चढला, पेन्सिल पडली, पडदा काळा.

"बुडबुडा!" चाचा आनंदानं ओरडले. मशीन कोसळल्यावर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. पाऊण तासानं त्यांनी त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं केलं. ते सुरळीत आलं. म्हणजे दोष उरलेल्या भागात. मंगळवारी आम्ही चपला काढून बरोबर एक वाजता बसलो आणि वीज गेली ती चार वाजता आली. भारनियमन. जनरेटर फक्त ऑपरेशनच्या खोलीसाठी होता. तो हातात असूनही चाचांनी त्याला हात लावला नाही. मी रागानं पाय आपटत होते. चाचांनी अंधारात सर्व्हरचा ताप घेतला आणि लिहिलं: 'आराम.'

बुधवारी तो दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा आमच्या हातात फक्त एक तारीख उरली होती. एकेकाची नोंद उघडून पाहायला सर्व्हरची हरकत नसे, पडायचा तो यादीवर. तो उठल्यावर चाचा त्या दिवसाची एकेक नोंद उघडत गेले. मधेच थांबले. मागे गेले. पुन्हा पुढे आले.

"अरे," ते हळूच म्हणाले. "हे तर मीच लिवलं हाय."

नोंदी दोन होत्या. भीका राठोड, सोबत कोण: लच्छू टेकाम, पत्ता: सोबत्याप्रमाणे. आणि लच्छू टेकाम, सोबत कोण: भीका राठोड, पत्ता: सोबत्याप्रमाणे.

हे 'सोबत्याप्रमाणे' आमच्या खिडकीवरची पद्धत होती. एकाच गावचे चौघं आले की प्रत्येकाचा पत्ता कोण लिहीत बसणार? सोबत आलेल्याचा नंबर टाकायचा आणि पत्त्यात 'सोबत्याप्रमाणे' निवडायचं. गावनिहाय यादी काढताना मशीन त्या सोबत्याला जाऊन गाव विचारायचं. इथं ते भीकाकडे गेलं. भीका म्हणाला, लच्छूला विचार. लच्छू म्हणाला, भीकाला विचार.

"तहसीलसारखं," मी म्हणाले. "या टेबलावरून त्या टेबलावर."

"हाव. पन तठी माणूस कंटाळते आन् घरी निघून जाते," चाचा म्हणाले. "याले घर कुठी हाय? हा फिरत राह्यते. मंग पडते."

त्या दिवशी खिडकीवरचा बाबू रजेवर होता आणि चाचा बसले होते. त्यांना सगळं आठवत होतं. दोघं एकाच सायकलवर आले. दोघांचे डोळे लालभडक. 'पेशंट कोण?' विचारलं तर दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. 'मले काही नाही झालं, मी याले घेऊन आलो.' सिस्टरनं दोघांनाही खाटेवर टाकलं. चाचांनी दोघांनी सांगितलं ते लिहिलं.

"आता सोपं आहे," मी म्हणाले. "एकाचं गाव टाका. कोणाचंही. शुक्रवार परवावर आला."

चाचांनी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. "कोन कोनाले आणलं हे मी मनानं लिवू? उद्या समितीवाल्यानं एक नाव धरलं, आन् ते खोटं निघालं, तर तो पुरी यादी फेकून देईन. तवा तू पत्रक काढशीन का, गफूरनं यादी पाडली म्हून?"

 खोटं छापायचं नाही हे मीच जिथं तिथं सांगत फिरत असे.

दोघांच्या गावचा फाटा सिस्टरना माहीत होता. गुरुवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. फाट्यावर उतरून अर्धा तास चालल्यावर भीकाचा तांडा लागला. लच्छूचा पोड, म्हणजे त्याची वस्ती, नाल्याच्या पलीकडे, पण लच्छू तिथं नव्हता. तो भीकाच्या दारातच होता. भीका काळा चष्मा कपाळावर ढकलून खाटेवर बसलेला आणि लच्छू त्याची दाढी करत होता. भीकाला आता आरशातलं दिसत नव्हतं.

चाचांनी आधी राम राम केला, मग पाणी प्यायले, मग विचारलं. "त्या दिवशी दवाखान्यात कोन कोनाले आणलं?"

"मी लच्छ्याले आणलं," भीका म्हणाला.

"खोटं बोलते!" वस्तरा भीकाच्या गळ्याशी थबकला. "मी आणलं याले. याले काही दिसत नव्हतं. बांधाले जाऊन धडकला."

"अन् तू? पंप उतरवला तसा ओकून राह्यलता. पायावर उभा नव्हता राहत."

"तुले दिसत नव्हतं ना?"

"नव्हतं दिसत."

"मंग सांग मी ओकत होतो हे तुले कसं दिसलं?"

"आवाज येत नाही का रे ओकायचा? याडी व, माय व, हलवू नोको वस्तरा!"

मी हसू दाबत विचारलं, "सायकल कोणी चालवली?"

"मी," भीका छाती काढून म्हणाला.

"न दिसता?"

"मी मांगं बसून सांगत होतो ना," लच्छू म्हणाला. "डावीकडं घे, खड्डा हाय, ट्रक आला, थांब. मी नसतो तर हा ट्रकखाली गेला असता."

"आन् मी नसतो तर हा तठीच बांधावर पडून राह्यला असता. पायडल काय याच्या बापानं मारलं?"

दोघंही एकाच वेळी चाचांकडे वळले. आता निकाल द्या, असा चेहरा. भीकाच्या अर्ध्या गालावर साबण तसाच होता.

चाचांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग उठले. "तुमचं दोघायचंबी खरं हाय," ते म्हणाले. "मशीनचंबी खरं हाय." लच्छूच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "हनुवटीखाली राह्यली थोडी. ते कर."

परतीची एसटी उशिरा मिळाली. सुट्टी संपायला चाळीस मिनिटं होती. आता पडला तर उठणार नाही, आणि शिक्का मारणारे साहेब संध्याकाळी जिल्ह्याला जाणार होते. चाचांनी चपला काढल्या, हात धुतले, बसले. भीकाच्या नोंदीत तांड्याचं नाव टाकलं. लच्छूच्या नोंदीत पोडाचं. मग दोघांच्याही 'सोबत कोण'पुढे सावकाश, एकेक अक्षर दाबत लिहिलं: गफूर शेख.

"चाचा! हे खोटं नाही का?"

"फाटकापासून वॉर्डापर्यंत कोनं आणलं?" त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "एक या खांद्यावर, एक त्या."

दारातून सिस्टर म्हणाल्या, "खरं हाय ते. यायचा शर्ट मी जाळला त्या दिवशी. औषधानं भिजेल होता."

चाचांनी बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. आवाज चढला. मी पेन्सिलीकडे पाहत होते. ती थरथरली, कडेकडे सरकली. चाचा वाकून सर्व्हरला काहीतरी सांगत होते, अगदी हळू, जसं वॉर्डात एखाद्याला सुई देताना सांगतात. पेन्सिल कडेला येऊन थांबली. आवाज उतरला. आणि कोपऱ्यातला प्रिंटर करकरायला लागला.

नऊ पानं. शिक्का घेऊन साहेब स्वतः आले. दाराशी क्षणभर थबकले, मग बूट काढले. या खेपेला मोजे नवे होते, आणि ते आमच्या लक्षात यावेत म्हणून ते जरा जास्तच वेळ उभे राहिले.

शुक्रवारी समितीच्या दारात रांगेत बसून मी ती पानं पुन्हा वाचली. नाव, गाव, तारीख, सोबत कोण. बायको. भाऊ. शेजारी. शेतमालक कुठंच नाही, हे मी टिपून घेतलं. मग दुसरंच काही दिसायला लागलं. दुसऱ्या पानावर दोनदा: सोबत, गफूर शेख. तिसऱ्या पानावर. पाचव्यावर चारदा. प्रत्येक पानावर होताच.  यादी खोटी आहे? मी रांगेतली जागा शेजारच्या बाईला राखायला सांगितली आणि धावत दवाखान्यात गेले.

सिस्टर औषधं मोजत होत्या. "एकटे आलते ते," त्या शांतपणे म्हणाल्या. "मशीन ती जागा रिकामी ठेवू देत नाही. पह्यले बाबू 'कोणी नाही' लिवायचा. गफूरभाऊनं ते बंद केलं. नुसतं नाव नाही लिवत, जाऊन बसते त्यायच्याजवळ. डोळे धुवायले मीच लावते त्याले." डबा बंद करून म्हणाल्या, "त्याची घरवाली या दवाखान्यातच गेली. तो तवा राळेगावले मशीन दुरुस्त करून राह्यलता. कोणीतरी रिक्षात घालून आणून सोडलं तिले. तिच्या कागदावर लिवलं होतं, सोबत: कोणी नाही. तो कागद त्यानं माह्याकडून मागून नेला."

मी उलट पावली गेले आणि यादी समितीच्या टेबलावर ठेवली. तिथल्या गृहस्थांनी मध्येच बोट ठेवून विचारलं, हा गफूर शेख कोण, इतक्यांच्या सोबत? मी म्हटलं, बोलवा आणि विचारा, पण आधी यातल्या कोणालाही विचारा. त्यांनी बाहेर बसलेल्यांपैकी तिघांना विचारलं. तिघांनीही तेच सांगितलं. नऊ पानं दप्तरात दाखल झाली आणि मी पोच घेतली. पुढं भांडायचं पुष्कळ होतं, अजून आहे. पण आता कोणी म्हणू शकणार नव्हतं की ही माणसं आलीच नव्हती.

पोच दाखवायला मी ड्रेसिंगच्या खोलीत गेले. चाचा नव्हते. ते पुरुषांच्या वॉर्डात होते, शेवटच्या खाटेवर, आणि थर्मामीटर या वेळी त्यांच्या काखेत होता.

"तीन दिवसांपासून ताप अंगावर काढून राह्यलता," सिस्टर म्हणाल्या. "सर्व्हरचा मोजला, स्वतःचा नाही."

चाचांचे डोळे मिटलेले होते. खाटेच्या पायथ्याशी केसपेपर लटकत होता. मी तो हातात घेतला. नाव: गफूर शेख. सोबत कोण: सर्व्हर. पत्ता: सोबत्याप्रमाणे.

मला मोठ्यानं हसू आलं. तशीच मी ड्रेसिंगच्या खोलीत गेले आणि सर्व्हरच्या पाटीची चिमटी उचलून पाहिली. इतके दिवस चिमटीखालची ती ओळ मी वाचलीच नव्हती. सोबत कोण: गफूर शेख. पत्ता: सोबत्याप्रमाणे.

हसू तिथंच थांबलं.

मी परत आले, खाटेशी बसले आणि केसपेपरवरचं 'सर्व्हर' खोडायला पेन उघडलं.

"आधी इचार," डोळे न उघडता चाचा म्हणाले.

मी पेन थांबवलं. "चाचा, तुमच्यासोबत कोण म्हणून माझं नाव लिवू?"

त्यांनी काखेतला थर्मामीटर काढून माझ्यापुढे धरला.

"लिव," ते म्हणाले. "पन पत्ता पुरा लिवजो. नाहीतर तो पुन्हा पडन."